तुम्ही विचारलंत म्हणून : स्टिंग रेचं साल कसं ओळखायचं?

शेवरोलेची १९६३ ते ६७ची कॉर्वेट, म्हणजे दुसऱ्या पिढीची स्टिंग रे, पाचही वर्षं सारखीच दिसते. मग समोरची गाडी कोणत्या सालची हे कसं ओळखायचं आणि घ्यायची झाली तर कोणती, असं बरेच जण विचारतात.

बहुतेकांची नजर आधी मागच्या काचेवर जाते. १९६३च्या कूपेची, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीची, काच मधल्या पट्टीने दुभागलेली आहे. डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांना ती पट्टी हवी होती. इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्ह यांना नको होती, कारण मागचं नीट दिसत नसे. १९६४ला पट्टी गेली. पण नुसत्या काचेवर विसंबू नका. तेव्हा काही मालकांनी ६३ची पट्टी कापून सलग काच बसवून घेतली, आणि पुढे दुभागलेल्या काचेचा भाव चढल्यावर उलटं कामही झालं. बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे कापणं-जोडणं अवघड नाही.

म्हणून आधी ग्लोव्ह बॉक्सखाली वाकून चासी नंबर वाचा. ६३-६४ला पहिलाच आकडा सालाचा, ३ किंवा ४. ६५पासून सहावा आकडा बघायचा : १९४३७५ म्हणजे १९६५. चौथा-पाचवा आकडा ३७ असेल तर कूपे, ६७ असेल तर कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडत्या छताची. इंजिन कोणतं, ते मात्र या नंबरावरून कळत नाही. त्यासाठी इंजिन ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजवीकडे ठोकलेला नंबर चासीशी ताडून बघावा लागतो.

मग बॉडी. ६३च्या बॉनेटवर दोन दिखाऊ जाळ्या आहेत. ६४ला जाळ्या गेल्या, खळगे राहिले; ६५ला खळगेही गेले आणि पुढच्या मडगार्डवर तीन उभ्या, खरोखर हवा जाऊ देणाऱ्या फटी आल्या. ६७ला त्या पाच आणि तिरक्या झाल्या, हँडब्रेक डॅशबोर्डखालून दोन सीटच्या मध्ये आला. ६६ची खूण म्हणजे चौकटीचौकटींची ग्रिल. फुगीर बॉनेटवरून मोठं इंजिन आहे असं धरू नका, ते बॉनेट लहान इंजिनाच्या गाडीलाही चढतं. आणि ६६ किंवा ६७च्या गाडीवर ‘फ्युएल इंजेक्शन’चा बिल्ला दिसला तर तो कुणीतरी नंतर लावलेला. ३७५ हॉर्सपॉवरचं ते इंजिन ६५लाच थांबलं, कारण त्याच वर्षी आलेलं ३९६ घनइंचाचं इंजिन ४२५ हॉर्सपॉवर देत होतं, तेही बरंच स्वस्तात.

आमच्या मते खरा बदल १९६५चाच, आणि तो बाहेरून जाणवतही नाही : चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्याआधी चारही ड्रम होते. गाडी चालवायला घेणार असाल तर ६५ किंवा पुढची बघा, पण हेच ब्रेक सगळ्यात जास्त रडवतात. डिस्कला पॅड दाबून धरणाऱ्या प्रत्येक कॅलिपरमध्ये चार पिस्टन, ते ज्यात सरकतात ते बोअर बिडाचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, बोअरला गंजाचे खड्डे पडतात आणि सील गळू लागतं. नुसतं सील बदलून हे थांबत नाही. बोअरमध्ये स्टेनलेसची स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवलेले कॅलिपरच घ्या.

दुसरा दोष फसवा आहे. पेडल मऊ लागतं, ब्रेक ऑइलमधली हवा काढली की घट्ट होतं, थोडं चालवलं की पुन्हा मऊ, आणि ऑइल तर कुठेच गळत नाही. अशा वेळी डिस्क तपासा. कारखान्यात डिस्क हबला रिव्हेट करून मगच दोन्ही मिळून मशिनिंग केलेलं असे. कुणी रिव्हेट उडवून नवी डिस्क तशीच चढवली की ती डगमगते, पिस्टन सतत आत-बाहेर ढकलते आणि सीलच्या ओठावरून हवा आत शिरते. डायल गेज लावा, रन-आऊट, म्हणजे फिरताना डिस्क किती डगमगते ते, दोन-तीन थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत आणा. कमी येत नसेल तर डिस्क हबवर एकेक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा मोजा, आणि हवा त्यानंतरच काढा.

६७ला ब्रेकचं सर्किट सरसकट दुहेरी झालं. जुन्या एकेरी सर्किटमध्ये एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून ६५-६६ची गाडी घेतलीत तर लोखंडी नळ्या आणि रबरी होज आधी बदला, रंगाचं नंतर बघा.