दांडीच्या वाटेवर महीसागर: होडीवाला सांगतो ते निम्मंच

दांडीयात्रेच्या वाटेवर महीसागर नदी ओलांडावी लागते, अलीकडे कंकापुरा गाव, पलीकडे करेली. ‘कंकापुऱ्याला होडी मिळते, बसलात की करेली’ असं ज्याला त्याला विचारलं तो सांगत होता. होडी मिळते, खोटं नाही. पण ओहोटीला पाणी पार मध्यावर जातं आणि दोन्ही बाजूंना जो गाळ उरतो त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हे लिहितोय.

साबरमती ते दांडी साधारण ३८५ किमी. गांधीजी १२ मार्च १९३० ला निघाले आणि ५ एप्रिलला पोचले, तेही वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. तुम्ही चालणारे असाल तर अंतराचा बाऊ नको. अहमदाबाद ते असलाली मात्र सरळ बसने जा. ट्रक आणि धूळ यांपलीकडे तिथे काही नाही. नडियाद, आणंद, बोरसद सोपं आहे. रासला थोडं थांबा, सरदार पटेलांना ७ मार्चला तिथेच पकडलं होतं.

रासनंतर कंकापुरा. गांधीजींनी १९ मार्चच्या रात्री भरती धरून नदी ओलांडली, दोन्ही काठांवर लोक दिवे घेऊन उभे होते. तरीसुद्धा चिखल तुडवावा लागलाच. मी भर उन्हात, ओहोटीला. पाय गुडघ्यापर्यंत आत, उपसायला गेलं की बूट खालीच राहतो. होडीवाल्याने अलीकडे एक भाव सांगितला आणि पलीकडे चिखलात अडकल्यावर दुसरा. शुद्ध लूट. भाव माणशी ठरवा, सामानासकट, ‘कोरड्या जमिनीपर्यंत’ असं चार लोकांसमोर वदवून घ्या.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या दिवशी गावात विचारा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, खंभातच्या आखातातलं पाणी भिंतीसारखं आत घुसतं. पट्ट्यांचे घट्ट सँडल, हातात काठी आणि पुढे गावातला माणूस, याशिवाय उतरू नका. पावसाळ्यात तर नाहीच. नको असेल तर वासद-वडोदरा असा लांबचा वळसा आहे. जुन्या नकाशांवर दिसणारा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला, त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

आता हे सगळं करायचंच कशाला? करेलीला सावलीत बसलो तेव्हा पोटऱ्यांवरचा चिखल वाळून त्याला पांढरी कड आली होती. नखाने खरवडून जिभेवर ठेवली. मीठच. एवढं मीठ फुकट पडलेलं, पण तेव्हाच्या इंग्रजी कायद्याने ते उचललं तरी गुन्हा. सरकारची मक्तेदारी, वर मणाला सव्वा रुपया कर. जमीनमहसूल जमीनवाल्याला, प्राप्तिकर श्रीमंताला, पण हा कर भाकरी खाणाऱ्या प्रत्येकाला. मोतीलाल नेहरूंसारख्यांनाही आधी हा विषय किरकोळ वाटला होता. व्हाइसरॉय आयर्विन यांनी तर या मोहिमेने माझी झोप उडत नाही असं लंडनला कळवलं. वर्ष संपेपर्यंत साठेक हजार माणसं तुरुंगात होती. आपल्याकडे शिरोड्याला मे महिन्यात तेच झालं. गांधीजींबरोबरच्या दांडीयात्रेकरूंत साबरमती आश्रमाचे गायक पंडित नारायण मोरेश्वर खरेही होते.

जंबुसर, भरूच, सुरत: ऊन, डांबर. पहाटे चाला, दहानंतर आडवे व्हा.

दांडीचं २०१९ चं स्मारक भव्य आहे, पुतळे चांगले आहेत, पण पाय थकलेल्या माणसाला त्यात फार रस उरत नाही. त्यापेक्षा सैफी व्हिला बघा, गांधीजी ५ एप्रिलच्या रात्री तिथे राहिले. किनाऱ्यावरचं नैसर्गिक मीठ सरकारी माणसांनी आधीच चिखलात कालवून टाकलं होतं, त्यामुळे ६ एप्रिलला सकाळी मूठभर मीठ शोधावं लागलं. जवळच कराडी आहे, ४-५ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना तिथल्या झोपडीतून पकडून नेलं. दांडीला जाणारे बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत, तुम्ही जा.

सुट्टी कमी असेल तर बोरसदपासून सुरू करा. परतीला नवसारी स्टेशन जवळ पडतं, पण दांडीहून रिक्षा घेताना भाव आधीच ठरवा. तिथेही माझ्या अंगावरची धूळ बघून आकडा वाढला होता.