मधल्या फ्रेम

मी इंदूरला एका कॉलेजात फिल्म मेकिंग शिकवते, शनिवारी हॉररचा क्लास असतो. आमच्या मुलांचं हॉरर म्हणजे दार कुरकुरलं, पांढरी साडी आली, म्युझिक जोरात, झालं. म्हणून या वेळी मुद्दाम 'जेकब्स लॅडर' लावला, १९९० चा, एड्रियन लाइनचा. व्हिएतनाममधे लढलेला एक सैनिक न्यूयॉर्कला पोस्टात नोकरी करतोय आणि त्याला येताजाता भलतेच चेहरे दिसायला लागतात, आणि शेवटी कळतं (बघायचा असेल तर हे वाक्य सोडा) की तो परत आलेलाच नाहीये, १९७१ मधे तिकडेच मरताना त्याच्या डोक्यात चाललेलं हे सगळं. पीटीएसडी, म्हणजे युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर मनात राहून गेलेला आघात, हे नाव अमेरिकन सायकियाट्रिस्ट लोकांच्या मॅन्युअलमधे आलं तेच मुळी १९८० ला, तेही बरंचसं व्हिएतनामच्या सैनिकांमुळे, म्हणजे पिक्चर आला तेव्हा ते नाव जेमतेम दहा वर्षांचं. हे मी आधी नीट सांगितलं, मुलं कचोरी खात होती.

आमचे गार्ड काका महूचे, रिटायर्ड फौजी. रूमला कुलूप त्यांनाच लावायचं असतं म्हणून मागे स्टूलवर बसले. सुरुवातीला मेकाँग डेल्टात सैनिक नुसते पसरलेत, गांजा फुंकतायत, एकमेकांची टर उडवतायत, अजून काहीच झालेलं नाही आणि काका उठून बाहेर! मला वाटलं राउंडला गेले असतील. पुढे हॉस्पिटलचा तो स्ट्रेचरचा सीन आला, मुलींनी ओढण्या तोंडावर घेतल्या, तेव्हा बघते तर काका परत येऊन शांत बसलेले.

नंतर प्रॅक्टिकल. पिक्चरमधे माणसाचं डोकं इतकं थरथरतं की चेहराच पुसला जातो ना, ते कॉम्प्युटरचं काम नाही, कॅमेऱ्यातच केलंय. सेकंदाला ४ फ्रेम शूट करायच्या, माणसाने डोकं हलवायचं, आणि दाखवायचं नेहमीच्या २४ ने, म्हणजे सहापट वेग. कॅमेऱ्यात ४ एफपीएस लावलं, शटर १/४ सेकंद उघडं. डोकं हलवायला कोणी तयार होईना, केस खराब होतात म्हणे. मग कोणीतरी ओरडलं, अंकलजी आप करो ना, आणि काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हलवलं की बिचाऱ्यांनी, चांगलं अर्धा मिनिट.

प्ले केलं. वर्दी स्थिर, नेमप्लेट वाचता येतेय, खांदे जागच्या जागी, आणि कॉलरच्या वर नुसता गढूळ धूर, त्यात मिशीची एक काळी रेघ. मुलं हसली, टाळ्याबिळ्या, आणि पळालीच, पाच वाजले होते.

काका स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन उभे.

"मॅडम, माझा बडी होता, द्रासला, ९९ मधे. आठवायला गेलो की असाच येतो. आवाज येतो, चालणं येतं, चेहरा असा."

मला काय बोलावं सुचेना, मी उगाच वायर गुंडाळत राहिले.

"मघाशी पिक्चरमधे ती फौजी पोरं बसली होती ना हसत," ते म्हणाले, "आदल्या दिवशी आम्ही तसेच बसलो होतो." मग बोट स्क्रीनवर टेकवून, "हे हळू केलं तर दिसेल का चेहरा?"

मी एकेक फ्रेम पुढे सरकवून दाखवली. एका फ्रेममधे कान दोनदा, दुसरीत डोळ्याच्या जागी पट्टा. आणि तोंडातून आपोआप क्लासमधलंच उत्तर निघालं, "नाही काका, शटर उघडं असतानाच हललं ना, मग प्रत्येक फ्रेममधेच पुसलेलं असतं. आणि मधल्या फ्रेम तर घेतल्याच नाहीत."

"घेतल्याच नाहीत," ते म्हणाले. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग टोपी घातली.

"लाइट बंद करू का मॅडम? महूची बस आहे."

मी म्हटलं करा.