लीड बोगस नसते हो साहेब

आमच्या धंद्यात पैसे जाहिरातीत कमी बुडतात आणि काउंटरवर जास्त. ऑनलाइन मार्केटिंग शिकवणाऱ्या कुठल्याही कोर्समध्ये हे सांगत नाहीत. तिथे ‘घरबसल्या महिन्याला लाख कमवा’ इथपासून सुरुवात असते. अधूनमधून पोरं-पोरी विचारतात, ताई, आम्हालाही ऑनलाइन जाहिरातींची एजन्सी काढायची आहे, काय काय बघावं? त्यांना तुकड्या-तुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे. मी, डिझाइन करणारा एक मुलगा आणि मजकूर लिहिणारी एक मुलगी. गिऱ्हाइकं म्हणजे साड्यांची दुकानं, क्लासेस, दातांचे डॉक्टर, चपलांचे व्यापारी आणि एक-दोन बिल्डर. पुण्या-मुंबईच्या एजन्स्या ज्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत अशा बजेटची सगळी मंडळी.

एका क्लासची गोष्ट सांगते. दहावीच्या निकालानंतरचा काळ, म्हणजे त्यांचा सीझन. आम्ही सोशल मीडियावर जाहिराती सोडल्या, खाली लीड फॉर्म. लीड म्हणजे चौकशी करणाऱ्याचं नाव आणि नंबर. रोज संध्याकाळी आलेली नावं आणि नंबर सरांना पाठवायचे. काही दिवस गेले आणि सरांचा फोन आला. “मॅडम, एक बी ॲडमिशन नाही. सगळ्या लीड बोगस हायत तुमच्या.”

मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या क्लासवर जाऊन बसले. रिसेप्शनवर एकच मुलगी. समोर पालकांची रांग, हातात पावतीपुस्तक, शेजारी झेरॉक्स मशीन, मधूनच आतून हाक, “अगं, मार्कर दे.” आमची यादी प्रिंट काढून हजेरीच्या रजिस्टरखाली ठेवलेली, वर चहाच्या कपाचा गोल डाग. रविवारी आलेल्या नंबरांना तिने त्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, फोन लावायला घेतले होते. माझ्यासमोर एक फोन लागला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “कसला फॉर्म? आम्ही नाही भरला. आणि पोराचं ॲडमिशन झालंय आमच्या.” फोन ठेवून मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “बघा की मॅडम.”

आता त्या बाई खोटं बोलत नव्हत्या. अशा फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल नंबर प्रोफाइलमधून आपोआप येऊन बसतात. माणसाला काही टाइप करावं लागत नाही, दोन-तीनदा अंगठा लावला की फॉर्म गेला. रविवारी रात्री जेवण झाल्यावर लोळत फोन चाळताना भरलेला फॉर्म गुरुवारी कुणाच्या लक्षात राहणार? तासाभरात फोन गेला असता तर “हो, आत्ताच बघत होते,” असं उत्तर आलं असतं. फॉर्मच्या शेवटी ‘माहिती तपासा आणि मग पाठवा’ असं एक जादा पान लावता येतं. ते लावलं की हौशे-नवशे गळतात आणि कामाची माणसं उरतात. पण लीडची संख्या घटते आणि एका लीडचा भाव चढतो. मग सर म्हणतात, “आधी सत्तरला पडत होती, आता दीडशेला पडायला लागली. काय चाललंय?” त्यांच्या हिशेबाच्या वहीत लीडचा भाव असतो, ॲडमिशनचा नसतो.

“फोन करायला एक माणूस ठेवा,” असं मी सुचवलं. पगार महिना दहा हजार. जाहिरातीला तीस हजार घालणारे सर दहा हजारांना बिचकले. “ते तुम्हीच बघा की,” म्हणाले. हा संवाद मी इतक्या दुकानांत ऐकलाय की आता पहिल्याच भेटीत विचारते: फोन कोण उचलणार? दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं तेव्हा कोण उचलणार? व्हॉट्सॲप कुणाच्या मोबाइलवर आहे आणि तो मोबाइल मालकांच्या खिशात घरी जातो का? बरीच गिऱ्हाइकं या प्रश्नांनी वैतागतात. त्यांना टार्गेटिंगबद्दल, म्हणजे जाहिरात नेमकी कुणाला दाखवायची त्याबद्दल, ऐकायचं असतं.

टार्गेटिंगचंही सांगते. या जाहिराती ज्या यंत्रणेवर चालतात ती निकाल बघत बघत शिकते. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाचं स्वतःचं मार्गदर्शन असं की शिकण्याचा टप्पा पार व्हायला आठवड्याला साधारण ५० निकाल, म्हणजे आमच्यासाठी लीड, लागतात. सत्तर रुपयाला एक लीड धरली तर दिवसाला पाचशे रुपये घातल्यावर कुठे पन्नासच्या जवळ पोचतो. गिऱ्हाईक म्हणतं, “आधी दोनशेनं चालू करू, रिझल्ट बघू, मग वाढवू.” दोनशेत आठवड्याला वीस. यंत्रणा बिचारी बालवाडीतच राहते, आणि तिसऱ्या दिवशी मालकांना फोटो बदलायचा असतो. फोटो बदलला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

आता पैशाचं. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो. गिऱ्हाईक म्हणतं, “जाहिरातीचे पैसे तुम्हीच भरा, आम्हाला एकच बिल द्या.” सोयीचं वाटतं. समजा एका बिल्डरची एक लाखाची जाहिरात आणि तुमची फी पंधरा हजार. जाहिरात दाखवणारी कंपनी लाखावर १८ टक्के जीएसटी लावते, म्हणजे तुमच्या क्रेडिट कार्डावर एक लाख अठरा हजार पहिल्याच महिन्यात चढले. तुमचं बिल एक लाख पंधरा हजार अधिक जीएसटी. बिल्डरचे अकाउंटंट टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापणार. जाहिरातीच्या कामाला माझ्यासारख्या प्रोप्रायटरचा १ टक्का कापायला हवा, पण ते ‘प्रोफेशनल’ धरून १० टक्के कापून मोकळे होतात. अकरा हजार पाचशे. म्हणजे पंधरा हजारांतले साडेतीन हजार हातात, बाकीचे रिटर्न भरून रिफंड येईल तेव्हा. शिवाय दुसऱ्याचे पैसे नुसते आपल्या खात्यातून वाहून गेले तरी उलाढाल आपली दिसते. सेवा देणाऱ्यांना २० लाखांच्या वर जीएसटी नोंदणी लागते. आपली खरी कमाई पाच-सहा लाख असली तरी असे तीन-चार बिल्डर मिळाले की ती रेषा ओलांडलीच. अकाउंटंटशी वाद घालायला गेलं की ते शांतपणे म्हणतात, “मॅडम, परत मिळतंय की. जातंय कुठं?” तोवर कार्डावरचं व्याज कोण भरणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

म्हणून आमच्याकडे नियम एकच: जाहिरात खातं गिऱ्हाइकाच्या नावावर, जीएसटी नंबर त्याचा, पैसेही त्याचेच. यातही गोम आहे. २०२१ चा ऑक्टोबर आठवतो. १ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला की पाच हजारांवरचं आपोआप कापलं जाणारं कार्ड-पेमेंट ओटीपीशिवाय होणार नाही. (पुढे २०२२ मध्ये ती मर्यादा पंधरा हजारांवर गेली.) इकडे ७ ऑक्टोबरला घटस्थापना, आणि त्याच दिवशी राज्यातली देवळं पुन्हा उघडणार होती. कोरोनानंतर अंबाबाईच्या दर्शनाला लोक येणार, म्हणून महाद्वार रोडपासून भवानी मंडपापर्यंत सगळे व्यापारी माल भरून बसलेले. अशात आमच्या साडीवाल्यांच्या कार्डाचं पेमेंट अडकलं. शेटजींना ओटीपी विचारायला फोन केला तर म्हणाले, “ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, बँकेनंच सांगितलंय.” बरोबरच होतं त्यांचं. शेवटी त्यांच्या मुलाला दुकानात बसवून पेमेंट करून घेतलं, जाहिरात सुरू झाली, आणि ४ तारखेला रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर बंद पडलं. पहाटेपर्यंत बंद. शेटजींचा साडेनऊला फोन, “अहो, तुमचं फेसबुक बंद पडलंय.” तुमचं! मी म्हटलं, शेटजी, सगळ्या जगाचं पडलंय. “ते जगाचं जग बघंल. आपलं कधी चालू करताय?”

त्याच वर्षी आयफोनवर ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारायला सुरुवात झाली, त्यावर आमच्या क्षेत्रातली मोठी मंडळी वर्षभर रडत होती. आम्हाला फारसं कळलंही नाही. आमच्या गिऱ्हाइकांची गिऱ्हाइकं अँड्रॉइडवाली.

अपेक्षाभंग म्हणाल तर तो वेगळाच असतो. मी या कामात आले ते मजकूर लिहायची हौस होती म्हणून. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा एका चपलावाल्यांसाठी मी छान मालिका लिहिली होती. कातडं कुठून येतं, कापशी म्हणजे काय, वेणी कशी घालतात, नवी चप्पल करकर का वाजते. मालकांनी वाचली, “झकास” म्हणाले, आणि लगेच, “तेवढं संकष्टीचं टाका आज.” संकष्टी, एकादशी, शिवजयंती, शाहू जयंती, आमदारसाहेबांचा वाढदिवस. वर देव किंवा महापुरुष, खाली दुकानाचा लोगो, कोपऱ्यात हात जोडलेले मालक. कधी कधी मालकांचा फोटो देवापेक्षा मोठा. आमचा डिझाइनवाला मुलगा आर्टचं शिक्षण घेऊन आला होता. वर्षभर लोकांचे फोटो कापून गणपतीशेजारी बसवले आणि एक दिवस म्हणाला, “मॅडम, मी पुण्याला चाललो.” काय अडवणार? आता तर अशी ॲपं आलीत की मालकांचा भाचाच फोनवर दोन मिनिटांत शुभेच्छा तयार करतो, आणि मग वर्षाच्या कराराच्या वेळी ऐकायला मिळतं, “आमचा भाचा फुकटात करतोय, तुम्ही एवढं घेताय कशाचे?” महिना तीन हजारांत सगळं करून देतो म्हणणारेही गावात आहेत. ते सहा महिन्यांत गायब होतात, पण दर तेवढे पाडून ठेवतात. जाताना पेजचा ॲडमिनही स्वतःकडेच ठेवतात, आणि मग ते गिऱ्हाईक आमच्याकडे येतं तेव्हा पहिला महिना त्या जुन्या माणसाच्या मागे, “दादा, तेवढा ॲक्सेस द्या की,” म्हणत फिरण्यात जातो.

काही कामं आम्ही घेतच नाही. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात करून द्या म्हणणारे दर महिन्याला भेटतात आणि चांगले पैसे देऊ करतात. १९५४ च्या कायद्याने अशा दाव्यांना बंदी आहे, हे सांगितलं की म्हणतात, टीव्हीवर येतंय की. खोटे रिव्ह्यू लिहून द्या म्हणणारेही आहेत. त्यात एका डॉक्टरीण बाईंनी शेजारच्या दवाखान्याला वाईट रिव्ह्यू टाकायचा भाव विचारला होता. यावर जास्त लिहीत नाही.

उधारीचं मात्र लिहायलाच हवं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत (जास्तीत जास्त ४५ दिवस) दिलं नाही आणि ३१ मार्चलाही ते थकलेलंच असलं, तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, असा आयकराचा बदल २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झाला. असा उद्योग म्हणून सरकारकडे करायची ती उद्यम नोंदणी मी आधीच केलेली. वाटलं, आता सुटलो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसातून खरंच फोन आला. वर्षात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून केला होता. “मॅडम, तुमची उद्यम नोंदणी आहे का?” हो म्हटलं. पलीकडे जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज. “रद्द होते का ओ ती?” मी नाही म्हटलं. ३१ तारखेला निम्मे पैसे जमा झाले. उरलेल्यांचं विचारलं तर म्हणाले, “पाडव्यानंतर बघू. आणि हो, पाडव्याचं डिझाइन जरा लवकर पाठवा, मोठ्या साहेबांचा फोटो नवीन काढलाय.”