बाईंचा समानार्थी शब्दांचा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवा, असा निरोप आला. स्नेहसंमेलन, मैदान, प्रार्थना, निकालाचा दिवस यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मला लिहायचे आहे पाचवीतल्या एका जादा तासाबद्दल. त्या वर्षी आमच्यातले काही जण मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणार होतो आणि शाळा सुटल्यावर मराठीच्या बाई आमच्याकडून भाषेचा भाग करून घेत. त्यातही समानार्थी शब्दांवर त्यांचा फार जीव. आज मी भाषांतराचे काम करते. एका शब्दासाठी अर्धा तास अडून बसण्याची चिकाटी माझ्यात आली ती त्या तासामुळे, आणि ते बाईंना छापील अक्षरांत सांगायचे आहे.

आम्ही सगळे मार्गदर्शक पुस्तके घेऊन गेलो होतो. मागच्या पानांवर याद्या असत. पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, सलिल, जीवन. डोळा म्हणजे नेत्र, नयन, लोचन, चक्षू. काही जण त्या घडाघडा म्हणून दाखवत. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि फळ्यावर एक वाक्य लिहिले : 'त्याने माझ्यावर डोळे वटारले.' मग म्हणाल्या, "डोळे पुसा आणि तुमच्या यादीतला शब्द घाला बरं." नेत्र वटारले, लोचने वटारली... वर्गात हशा पिकला. मग त्यांनी 'नेत्रदान' लिहिले आणि त्यातला नेत्र काढून डोळा घालायला सांगितला. तेही जमेना. अर्थ तोच, तरी शब्द जागा सोडायला तयार नव्हता. त्यानंतर नियम ठरला : यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे स्वतःचे वाक्य लिहायचे, पुस्तकातले उतरवून काढायचे नाही. वाक्य सुचले नाही तर त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करायचा आणि तो बाईंना विचारायचा.

या एका नियमाने वह्या जाडजूड झाल्या. भुई, भूमी आणि जमीन हे तिन्ही शब्द पृथ्वीच्या पाठीबद्दलच बोलतात. पण आपण 'मातृभूमी' म्हणतो, 'मातृजमीन' म्हणत नाही. जमीन नावावर होते, भूमी होत नाही. आणि एखाद्या निकामी माणसाला 'भुईला भार' म्हणतात, तिथे दुसरा कुठलाही शब्द बसत नाही. बाईंनी सांगितले की भूमी संस्कृतातून जशीच्या तशी आली, भुई त्याच शब्दाचे बोलण्यात झिजलेले रूप आणि जमीन फारसीतून आली. लज्जा, लाज आणि शरम यांचेही तसेच. शब्द कुठून आला हे कळले की तो कुठे शोभेल याचा अंदाज येतो, असे त्या म्हणत. आज कामाला बसले की हा अंदाज मला रोज लागतो.

संस्कृत शब्दांची मात्र त्यांनी वेगळी चावी दिली होती. पाण्याचे पाच शब्द पक्के करा, म्हणाल्या, मग पंधरा शब्द फुकट मिळतील. 'द' म्हणजे देणारा, म्हणून जलद, नीरद, अंबुद, तोयद हे सगळे ढग. 'ज' म्हणजे जन्मलेले, म्हणून नीरज, अंबुज, वारिज हे कमळ. जलधी, अंबुधी, वारिधी म्हणजे पाणी साठवून ठेवणारा समुद्र. पृथ्वीच्या शब्दांनाही तीच चावी चाले : भूधर, महीधर म्हणजे पर्वत, भूप, महीप म्हणजे राजा, महीरुह म्हणजे झाड. कधी न वाचलेला शब्द समोर आला तरी फोड करून अर्थ काढता येतो, हा आनंद दहा-अकरा वर्षांच्या मुलांना किती मोठा असतो ते मी आजही विसरलेले नाही. लगेच एका मुलाने विचारले, "मग चिखलात जन्मलेल्या बेडकाला पंकज का म्हणत नाहीत?" बाई खूश झाल्या. फोड अर्थाच्या दारापर्यंत नेते, पण आत कोण राहायचे ते वापर ठरवतो, असे त्यांनी समजावले. फोडीतून अर्थ निघतो, पण वापराने एकाच गोष्टीला चिकटतो, अशा शब्दाला योगरूढ म्हणतात, हे मी पुढे व्याकरणात शिकले, तेव्हा तो प्रश्न आधीच सुटलेला होता.

लिंगाचा मुद्दाही त्या सोडत नसत. देह पुल्लिंगी, काया स्त्रीलिंगी, शरीर नपुंसकलिंगी. एका अर्थाच्या तीन शब्दांची तीन लिंगे! 'त्याचा देह थकला' या वाक्यात काया घातली की क्रियापदासकट सगळे वाक्य बदलावे लागे. रस्ता आणि वाट यांचेही तसेच. अमरकोश, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांचा जुना कोश, आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. बाईंनी तो एकदा वर्गात आणला. अमरसिंहाने रचलेला, तीन कांडांचा, सगळा श्लोकांत. त्याचे मूळ नाव 'नामलिंगानुशासन' आहे, म्हणजे नावांबरोबर त्यांचे लिंगही शिकवणारा ग्रंथ, हे त्यांनी सांगितले आणि आमची रस्ता-वाटेची कुरकुर थांबली.

आता परीक्षेचे. प्रश्नाला चार पर्याय असत, आणि आधी चुकीचे पर्याय ओळखायची सवय बाईंनी लावली. त्यांचा आवडता नमुना मला अजून पाठ आहे. 'उदार' या शब्दाचा समानार्थी शब्द कोणता? उदर, कृपण, श्रीमंत, दिलदार. यातला 'उदर' डोळ्यांना फसवतो, कारण अक्षरे जवळची आहेत. 'कृपण' घाईत वाचणाऱ्याला फसवतो. तो नेमका विरुद्धार्थी आहे. सगळ्यात चलाख 'श्रीमंत'. उदार माणूस म्हटले की पैसेवाला डोळ्यांसमोर येतो, पण संबंध असणे वेगळे आणि अर्थ एक असणे वेगळे. प्रत्येक पर्यायाला 'तू इथे कशाला आलास?' असे विचारायचे. मग बाईंनी आम्हालाच प्रश्न काढायला लावले. योग्य उत्तर सगळ्यांनाच सुचे. पटण्यासारखी तीन चुकीची उत्तरे शोधताना घाम फुटे. अनिल आणि अनल, सलिल आणि सलील, पाणी आणि पाणि, दिन आणि दीन या जोड्या आम्ही एकमेकांना फसवायच्या नादात पक्क्या केल्या. उताऱ्यातल्या शब्दासाठी तर यादी उपयोगाचीच नाही. 'कर' म्हणजे हात, किरण की सरकारला भरायचा पैसा, हे शेजारची वाक्येच सांगतात.

पण त्या तासातले सर्वांत लखलखीत आठवणारे दृश्य रागाच्या शब्दांचे आहे. बाईंनी फळ्यावर उभी रेघ ओढली, खाली 'थोडा' आणि वर 'फार' असे लिहिले आणि रागाचा प्रत्येक शब्द कुठे ठेवायचा ते आम्हाला ठरवायला सांगितले. रुसणे तळाशी की बाहेर, यावरच पंधरा मिनिटे गेली. एका मुलीने म्हटले की माणूस जवळच्याच माणसावर रुसतो, अनोळखी माणसावर रुसत नाही, म्हणून तो शब्द रेघेच्या बाजूला हवा. बाईंनी खडू तिच्या हातात दिला. मग चिडणे, त्यावर रागावणे, त्यावर संतापणे. खवळणे समुद्राचेही असते, म्हणून ते अगदी वर. धुमसणे कुठे ठेवावे ते कोणालाच सुचेना, कारण तो राग मोठा असूनही दिसत नाही. शेवटी ते रेघेच्या वरच्या बाजूला, पण कंसात गेले. दुसऱ्या दिवशी तसेच भीतीचे शब्द घेतले : धाक, भय, धसका, दहशत. 'वडिलांची दहशत' आणि 'वडिलांचा धाक' यांत घराचे चित्र किती बदलते, ते आम्हाला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

उजळणीची पद्धत साधी होती. आजचे शब्द उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने, आणि तेही वही मिटून. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडले होते, हे मी कॉलेजात वाचले. बाईंनी आम्हाला त्यातले काही सांगितले नव्हते, पण विसरण्याच्या आत शब्द परत समोर आणण्याचे त्यांचे वेळापत्रक अचूक होते.

परीक्षेत भाषेचा भाग आम्हा सर्वांना सोपा गेला. काहींची निवड झाली, काहींची नाही. ज्यांची झाली नाही त्यांच्यातला एक आज उत्तम मराठी बातम्या लिहितो, आणि त्याचे शब्द मोजूनमापून आलेले असतात हे मला वाचताना कळते.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी बाईंना फोन करून वाचून दाखवला. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "रागाच्या रेघेत कातावणे कुठे गेलं गं?" मी म्हटले, बाई, चिडण्याच्या शेजारी ठेवू या का? त्यांचे म्हणणे वेगळे पडले. कातावलेला माणूस आधी दमलेला असतो, कोणी तरी त्याला पुन्हा पुन्हा पिडलेले असते, म्हणून ते चिडण्याच्या वर आणि संतापण्याच्या खाली, जरा डावीकडे. मला अजून पटलेले नाही. त्यांनी दोन्ही शब्दांची वाक्ये लिहून पाठवायला सांगितली आहेत.