माझं पावसाळी वेळापत्रक

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "घरून काम करता, घरात सासूबाई, मुलीची शाळा, तरी भाषांतर ठरल्या दिवशी कसं देता? तुमचं वेळापत्रक दाखवा ना," असं महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी म्हणतंच. दाखवते, पण बघून हिरमोड होईल.

आधी फसलेलं सांगते. नोकरी सोडून घरून काम सुरू केलं तेव्हा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पहाटे साडेपाच ते रात्री दहा असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रंगीत चौकोन भरले होते. भाषांतर निळं, ईमेल पिवळे, व्यायाम हिरवा. दिसायला फार सुंदर. पहिल्याच दिवशी अकराला गॅसवाला आला, सुटे पैसे शोधण्यात दहा मिनिटं गेली, तो जातोय तोवर गावाहून फोन. साडेअकराचं काम बाराला गेलं, बाराचं एकला. तीन वाजेपर्यंत सगळे रंग एकमेकांच्या अंगावर.

रत्नागिरीत राहून मला हे आधी सुचायला हवं होतं. कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी. एक गाडी रखडली की समोरची क्रॉसिंगला उभी, आणि तिच्यापायी आणखी कुठलीतरी तिसरीच. त्यात पाऊस. म्हणून रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते. बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची, अशी चालकांना सूचना असते. गाड्यांच्या वेळाही वेग कमी धरूनच बसवलेल्या असतात. पाऊस येणारच नाही असं समजून तिथे कुणी वेळापत्रक छापत नाही. मी मात्र गॅसवाला येणारच नाही असं समजून दिवस आखला होता.

मग एक जुनी वही काढली. दोन आठवडे डाव्या पानावर ठरवलेलं लिहिलं, उजव्या पानावर झालेलं. तासाला पाचशे शब्द होतात असं मी लोकांना बिनदिक्कत सांगत होते. उजवं पान म्हणालं, दोनशे ऐंशी. 'पाच मिनिटांत उत्तर टाकते' म्हणून उघडलेल्या ईमेलनी चाळीस मिनिटं खाल्ली होती. दुधाचे खाडे आपण कॅलेंडरवर मांडतो, दूधवाल्याला अंदाजाने पैसे देत नाही. वेळेच्या बाबतीत मात्र माझा सगळा कारभार अंदाजपंचे.

ही खोड माझ्या एकटीची नाही, हे नंतर वाचनात आलं. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच तिला 'प्लॅनिंग फॅलसी' (कामाला लागणारा वेळ कमीच धरण्याची चूक) असं नाव देऊन ठेवलं होतं. १९९४ च्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज निघाला ३४ दिवसांचा, लागले ५५ च्या वर. सगळंच बिनसलं तर किती लागतील, हेही विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं ४९ च्या आसपास, म्हणजे तेसुद्धा कमीच पडलं. माझा आवडता भाग हा. माणूस वाईटात वाईट कल्पना करतो तीही जरा लाडातच.

तर आताचं वेळापत्रक. सव्वानऊ ते सव्वाअकरा भाषांतर, फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर. सव्वाअकरा ते बारा कोरं. दुपारी अडीच ते चार तपासणी, म्हणजे डोक्याला जरा हलकं काम. चार ते पावणेपाच पुन्हा कोरं. मग पाऊण तास फोन, ईमेल, बिलं. संपलं. "बस्स? सव्वाचार तास?" असं विचारणाऱ्यांनी आपलं उजवं पान आधी भरून बघावं.

त्या कोऱ्या चौकोनांत मी मुद्दाम काही लिहीत नाही. ते माझं क्रॉसिंग. गॅसवाला, कुरिअर, शाळेतून आलेला फोन, लांबलेला परिच्छेद, सगळे तिथे थांबतात. कुणीच आलं नाही तर मी चहा करते. सासूबाई सकाळच्या दोन तासांना 'तुझी शाळा' म्हणतात. सव्वाअकराला दाराशी येतात, "अगो, सुटली काय शाळा?" पूर्वी दर वीस मिनिटांनी यायच्या. त्यांना नक्की वेळ कळल्यावर त्याही निवांत झाल्या.

पंचवीस मिनिटांचा टायमर लावून बघा, असंही बरेच जण सुचवतात. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून ती पद्धत काढली. आपली घटका २४ मिनिटांची, म्हणजे जवळपास तेवढीच. पण मला एका घटकेत जेमतेम वाक्याची नस सापडते आणि तेवढ्यात घंटा होते. हिशेबाची, नोंदींची कामं करणाऱ्यांना जमत असेल.

चौकोन मोडला तर? एकच नियम. उरलेल्या वेळात दुप्पट काम कोंबायचं नाही. कुठलं काम उद्यावर जाणार ते तिथल्या तिथे ठरवायचं आणि पेन्सिलीने बाण काढायचा. एकाच कामाला तीन दिवस बाण लागले तर बहुधा ते मला करायचंच नसतं. मग ज्याचं असेल त्याला फोन करून तसं सांगते.

जून ते ऑक्टोबर दुपारचा चौकोन तासाभराचाच. वीज जाते, नेट जातं, वाळत घातलेले कपडे आत-बाहेर करण्यातच किती फेऱ्या होतात. म्हणून त्या महिन्यांत पानंच कमी घेते आणि तारीख सांगताना चार दिवस जास्त सांगते. गणपतीचे पाच दिवस तर वहीत चौकोनच नसतात, मोदकाच्या नारळांचा हिशेब असतो. गेल्या वर्षी एका नव्या गिऱ्हाइकाने नेमक्या त्याच आठवड्यात साठ पानं मागितली. नाही म्हटलं. त्याने दुसरीकडून करून घेतलं आणि नोव्हेंबरात पुढचं काम घेऊन माझ्याकडे आला. या वेळी तारीख त्याने मला विचारली.