माझी भरलेली फाइल चालेना, तिची रिकामी चालली

दोन संध्याकाळी एका ओळीपायी गेल्या, आणि ती ओळ मी बरोबर लिहिली होती. राग त्याचाच आहे.

वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. अभ्यासिकेत सहा जुने संगणक आहेत. त्यांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, एकेकावर तीन-तीन पोरांची खाती काढली आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा लिहायला व्हिम हा एडिटर दिला. तिथपर्यंत काही अडलं नाही. आता सगळ्यांना सारखीच सेटिंग हवी, तर अठरा खात्यांच्या घरच्या फोल्डरांत अठरा फाइली कोण लिहिणार? म्हणून ईटीसीमधल्या (म्हणजे सगळ्या मशीनच्या सेटिंगच्या फोल्डरातल्या) व्हिम फोल्डरात व्हिमआरसी डॉट लोकल नावाची फाइल केली. व्हिमआरसी म्हणजे व्हिमच्या सेटिंगची फाइल. तिथलीच मूळ व्हिमआरसी मशीनवरच्या सगळ्या खात्यांना लागू, आणि ती शेवटी माझ्या या डॉट लोकलला बोलावते. मूळ फाइलीला हात लावला तर पुढं अपडेटच्या वेळी डेबियन विचारत बसतं, जुनी ठेवू की नवी. डॉट लोकलला कोणी विचारत नाही.

तीन ओळी लिहिल्या. ओळींचे नंबर दिसावे, टॅब चार जागांचा असावा, आणि माउस बंद. माउस बंद यासाठी की पोरं व्हिममधला मजकूर निवडून दुसऱ्या खिडकीत न्यायला जात, तर व्हिम माउस स्वतःकडे ओढून घ्यायचं आणि टर्मिनलचा, म्हणजे ज्या खिडकीत व्हिम चालतं तिचा, कॉपीचा मेनूच येत नसे. (शिफ्ट दाबून निवडलं की टर्मिनलला माउस परत मिळतो. हे मला सगळं झाल्यावर आठवलं.)

माझ्या खात्यातून उघडून पाहिलं, तिन्ही गोष्टी झक्कास. पोरांच्या खात्यातून उघडलं तर नंबर दिसतात, टॅब चारचा आहे, माउस मात्र चालूच. फाइल वाचलीच नसती तर समजलं असतं. इथं तीन ओळींतल्या दोन मानल्या आणि तिसरी नाही! स्पेलिंग पाहिलं, परवानग्या पाहिल्या, मशीन बंद करून चालू केली. ज्यानं मशीन बसवून दिल्या त्या तालुक्याच्या माणसाला फोन लावला, तर त्याचं एकच, "फॉरमॅट मारून टाका न भाऊ." एका ओळीसाठी फॉरमॅट!

शेवटी कंटाळून पोरांना म्हटलं, आपापल्या घरच्या फोल्डरात डॉट व्हिमआरसी नावाची फाइल करा, त्यात काय लिहायचं ते सांगतो. सांगायच्या आत लाइन गेली. इन्व्हर्टरवर फक्त ट्यूबलाइट आहेत. सगळे घरी.

दुसऱ्या दिवशी दहावीतली एक पोरगी म्हणाली, "सर, माह्यावर तर माउस बंद होऊन राह्यला."

"काय केलं तू?"

"काई नाई. तुम्ही सांगतलं ते फाइल बनवली, मंग लाइन गेली."

उघडून पाहिली. फाइल रिकामी, शून्य बाइट. आणि माउस बंद! फक्त तिच्या पायथनच्या फाइलीतले रंग गेले होते.

तेव्हा कुठं मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कोलन देऊन व्हर्बोस सेट माउस, पुढं प्रश्नचिन्ह. ही किंमत शेवटी कोणत्या फाइलीनं बसवली ते व्हिम स्वतःच सांगतं. पोरांच्या खात्यात उत्तर आलं, डिफॉल्ट्स डॉट व्हिम, म्हणजे व्हिमसोबतच येणारी तयार सेटिंगची फाइल. मग कोलन स्क्रिप्टनेम्स. त्यात वाचलेल्या सगळ्या फाइली क्रमानं दिसतात. माझी फाइल वर होती आणि ही डिफॉल्ट्स तिच्या खाली. माझ्या स्वतःच्या खात्यात डिफॉल्ट्सचं नावच नाही.

२०१६ मध्ये व्हिम ८ आलं तेव्हापासून हे आहे. आधी सिस्टमची फाइल, मग वापरणाऱ्याच्या घरातली. घरात कुठलीच व्हिमआरसी नसेल तर तिच्या जागी डिफॉल्ट्स. म्हणजे घरी कोणी नाही पाहून शेजारची म्हातारी आत येते आणि आपल्या हातानं घर लावून जाते. दारात नुसती चप्पल दिसली तरी ती परत जाते. त्या पोरीची रिकामी फाइल म्हणजे ती चप्पल. माझ्या खात्यात कॉलेजपासूनची व्हिमआरसी पडून होती, म्हणून मला सगळं ठीक दिसत होतं. डिफॉल्ट्समध्ये नंबर आणि टॅबबद्दल काही नाही, म्हणून त्या दोन ओळी टिकल्या. माउस आहे, म्हणून तो उलटला. रंगही तीच चालू करते, म्हणून ती आली नाही तेव्हा रंगही आले नाहीत.

आणि चीड कशाची, तर हे सगळं डेबियनच्या त्या मूळ व्हिमआरसीतच टिपेत लिहून होतं. मी ती फाइल उघडली होती, पण सरळ शेवटी गेलो.

उपाय तीन ओळींचा, पण त्यातही अर्धा तास गेला. डॉट लोकलमध्ये आधी आपणच सोर्स देऊन डिफॉल्ट्स वाचून घ्यायची, मग लेट लिहून स्किप_डिफॉल्ट्स_व्हिम बरोबर १ करायचं, म्हणजे ती पुन्हा येत नाही. त्याखाली सेट माउस, बरोबरचं चिन्ह, आणि पुढं काहीच नाही. मी पहिल्या दोन ओळी उलट्या लिहिल्या. डिफॉल्ट्स सुरुवातीलाच ते १ पाहते आणि काही न करता परत जाते, त्यामुळं अठराही खात्यांतले रंग गेले.

एक राहिलं. डेबियनच्या छोट्या इन्स्टॉलमध्ये व्हीआय लिहिल्यावर व्हिम टायनी, म्हणजे छाटलेलं व्हिम, उघडतं. ते वेगळं, आधी पूर्ण व्हिम टाका. आणि तपासताना सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मालकाचे (रूटचे) अधिकार घेऊन, उघडू नका. डेबियनमध्ये ते तुमचं घर सोडून रूटचं घर पाहतं, आणि मग तुम्ही भलत्याच फाइलीशी भांडत बसता.

सोमवारी सगळ्या मशीनवर माउस बंद झाला. मंगळवारी सातवीतल्या एका पोट्ट्यानं घरच्या डॉट व्हिमआरसीत सेट माउस बरोबर ए लिहून तो परत चालू केला. घरची फाइल नंतर वाचली जाते, हे मीच त्यांना शिकवलं होतं.