थीमच्या पोटातला कोड

आषाढातला पाऊस, देवगडात दोन दिवस लाईट जाऊन-येऊन. मी गावच्या घरूनच काम करतो, आणि मालवणच्या मामेभावाच्या होमस्टेची बुकिंगची साइटही मीच सांभाळतो. सकाळी साडेसहाला क्लाउडच्या (नेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या) खात्याचा मेल दिसला: नवे 4 सर्व्हर सुरू झाले आहेत. मी तर नुकताच उठलो होतो.

लॅपटॉपचं वायफाय आधी बंद केलं. घरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून छत्री घेऊन सड्यावर गेलो आणि फोनवरूनच त्या खात्याची अ‍ॅक्सेस की, म्हणजे प्रोग्रॅमला खात्यात शिरू देणारी गुप्त चावी, रद्द केली, सर्व्हर बंद केले. ज्या मशीनवर संशय आहे, त्यावरच नवा पासवर्ड टाइप करायचा नाही, हे वेळेवर सुचलं.

की लॅपटॉपवरून कशी गेली ते शोधायला परत येऊन व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधली एक्स्टेन्शन्स (त्यात वरून बसवलेले छोटे प्रोग्रॅम) मोजली. 41! निम्मी कधी टाकली तेही आठवेना. होम फोल्डरमध्ये प्रत्येकाचा वेगळा फोल्डर असतो, त्यात पॅकेज डॉट जेसन, म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती देणारी फाइल. तारखेप्रमाणे लावून एकेक उघडत बसलो. आई पडवीतून हाक मारत होती, "काय शोधतंस एवढा? जेवूक ये."

अडीचच्या सुमाराला एका निळसर थीमपाशी, म्हणजे एडिटरचे रंग बदलणाऱ्या एक्स्टेन्शनपाशी, हात थांबला. नुसते रंग बदलायला रंगांची जेसन फाइल पुरते. हिच्यात मात्र 'मेन' अशी ओळ होती, म्हणजे चालवायची जावास्क्रिप्ट, आणि एडिटर उघडून झाला की जागं व्हायची सूचना. ती फाइल उघडली तर सगळा कोड एकाच लांबलचक ओळीत, व्हेरिएबलची नावं एकेका अक्षराची. त्या गर्दीत माझ्या क्लाउडच्या चाव्या असलेल्या क्रेडेन्शियल्स फाइलचा पत्ता स्पष्ट वाचता आला. पोटात गोळाच आला. थीम दोन वर्षांपूर्वीची, पण फोल्डर नऊ दिवसांपूर्वीचा. अपडेट आपोआप आला होता.

मोबाइलमधल्या अ‍ॅपसारखं एक्स्टेन्शन एकेका गोष्टीची परवानगी मागत नाही. एडिटरला जे करता येतं ते सगळं त्यालाही येतं: फाइल वाचणं, नेटवर पाठवणं, दुसरा प्रोग्रॅम चालवणं. 2021 साली व्हीएस कोडमध्ये आलेली वर्कस्पेस ट्रस्ट ही सोय अनोळखी प्रोजेक्ट उघडताना कामाची आहे, पण आपणच बसवलेलं एक्स्टेन्शन वाईट निघालं तर ती त्याला रोखू शकत नाही. प्रकाशकाच्या नावाशेजारची निळी खूणही डोमेन त्याचं आहे एवढंच सांगते, कोड तपासलाय असं नव्हे.

थीमच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉप फॉरमॅट केला. खरे दोन दिवस गेले ते चाव्या बदलण्यात: एसएसएच (सर्व्हरवर दुरून शिरायची), गिटचे टोकन (कोड साठवायच्या जागेचे), एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस मिळतात तिथलं खातं), पेमेंट गेटवे, डेटाबेस. प्रोजेक्टचे पासवर्ड ठेवायच्या डॉट ईएनव्ही फाइलमध्ये किती काय साठवलं होतं ते तेव्हा कळलं.

भावाला फोन करणं सगळ्यात जड गेलं. त्याने एकच विचारलं, "पाव्हण्यांचे नंबर गेले काय रे?" डेटाबेसच्या लॉगमध्ये परकं काही दिसलं नाही, तेच त्याला सांगितलं, दिसलं नाही म्हणजे गेलं नाही असं मी म्हटलं नाही.

आता 11 एक्स्टेन्शन्स आहेत, ऑटो-अपडेट बंद. दर रविवारी बदल वाचून हाताने अपडेट करतो. वेळ जातो, पण मला तेच बरं वाटतं. गेल्या आठवड्यात एका जुन्या टेस्ट सर्व्हरवर त्या लॅपटॉपची एसएसएच की अजून शिल्लक सापडली. तीही काढली.